काहीच वाटंना झालंय

गावच्या ग्रुपवर सकाळी सातला फोटो पडतो. आधार कार्डावरून कापलेला, डोळे ताणलेले, कडा धुरकट. खाली नाव, वय, गाव आणि 'कर्जाला कंटाळून'. सव्वासातपर्यंत 'भावपूर्ण श्रद्धांजली'ची रांग लागते. हात जोडलेले, पणती पेटलेली, गुलाबाच्या पाकळ्या. साडेसातला त्याच ग्रुपवर कुणाच्या तरी भाच्याचा वाढदिवस येतो, आणि तोच अंगठा केकचं चित्र टाकून मोकळा होतो.

याला ढोंग म्हणणारे म्हणोत. मी म्हणणार नाही. हाच माणूस पहिल्या वेळी मातीला गेला होता. उन्हात उभा राहिला होता, घरी येऊन आंघोळ केल्यावरही त्याला घास गिळवला नव्हता. दुसऱ्या वेळी तो मातीला गेला, पण लवकर निघाला. पुढं पुढं त्यानं जाणंच सोडलं. आता फक्त अंगठा जातो.

2023 साली मराठवाड्यात 1,088 शेतकऱ्यांनी जीव दिला. ही विभागीय आयुक्त कार्यालयाची नोंद आहे. सर्वाधिक 269 बीडमध्ये. आपल्या धाराशिवमध्ये 171. म्हणजे एका जिल्ह्यात जवळपास दिवसाआड एक माती. दिवसाआड मनापासून हळहळणारा माणूस मला दाखवा. मी आणून दाखवू शकत नाही, कारण तसा माणूस घडलेलाच नाही.

"पहिल्यासारखं काहीच वाटंना झालंय बघा." हे वाक्य या जिल्ह्यात ठिकठिकाणी ऐकू येतं. बोलणारे निराळे असतात. आशाताई बोलते, तलाठी बोलतो, पोलीस पाटील बोलतो, सरकारी दवाखान्यातली सिस्टर बोलते, अंथरुणाला खिळलेल्या सासऱ्याचं करणारी सून बोलते. सगळे आवाज खाली आणून बोलतात, चोरी कबूल केल्यासारखे. आणि ऐकणारा लगेच उपदेश सुरू करतो की माणुसकी सोडू नका.

माणुसकी त्यांनी सोडलेली नाही. ती वापरून वापरून दमली आहे. दमलेल्या माणसाला उपदेश करणं हा निव्वळ दुष्टपणा आहे, हे मला आज स्पष्ट सांगायचं आहे.

तलाठ्याचंच बघा. सरकारनं आता त्याला ग्राम महसूल अधिकारी म्हणायला सुरुवात केली आहे, पण गावात तो तलाठीच आहे. आत्महत्येची खबर आली की त्याला त्या घरी जावं लागतं. ओसरीवर बायका बसलेल्या असतात. कुंकू पुसलेली, पदर तोंडावर घेतलेली एक बाई भिंतीला टेकलेली असते. वयानं ती कधी कधी तिशीच्याही अलीकडची असते. तिच्यासमोर सतरंजीवर बसून त्याला विचारावं लागतं. कर्ज किती होतं? सोसायटीचं की बँकेचं? थकीत होतं का? वसुलीचा तगादा होता का? दारू पीत होते का? घरात काही वाद? ती मान हलवते. तो लिहितो. मग कागद: सातबारा, आठ-अ, कर्जखात्याचा उतारा, पोलिसांचा पंचनामा, शवविच्छेदनाचा अहवाल, वारसांचा जबाब. पोरगं कपाटातून प्लॅस्टिकची पिशवी आणतं आणि तिच्यातले कागद जमिनीवर पसरतं. त्यात बापाच्या लग्नाची पत्रिकाही निघते. तलाठी ती बाजूला ठेवतो आणि सातबारा शोधतो.

ही फाईल पुढं तहसीलला जाते आणि तिथून जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीपुढं. समिती ठरवते: पात्र की अपात्र. जानेवारी 2006 च्या शासन निर्णयानं मदतीची रक्कम ठरली एक लाख रुपये. 30 हजार हातात, 70 हजार वारसाच्या नावे ठेव म्हणून. कर्ज राष्ट्रीयीकृत बँकेचं, सहकारी संस्थेचं किंवा परवानाधारक सावकाराचं असेल तर धरायचं. सोयऱ्याकडून तोंडी घेतलेलं, बिनपरवान्याच्या सावकाराकडून कोऱ्या कागदावर सही करून घेतलेलं कर्ज फाईलमध्ये सिद्ध करता येत नाही. ज्या कर्जानं माणूस खचला तेच अनेकदा या कागदांत नसतं.

अशा किती घरांत तो तलाठी बसला असेल? दहाव्या घरात त्यानं त्या बाईकडे बघायचं बंद केलं असेल तर मी त्याला दगड मारणार नाही. तिच्याकडे बघून त्याला 'दारू पीत होते का' हे विचारता येत नाही. विचारायचं असेल तर वहीकडे बघूनच विचारावं लागतं. नोकरीनं त्याला ते शिकवलं. मग सवय झाली. मग बघायचं ठरवलं तरी नजर वर जाईना.

ख्रिस्टिना मॅस्लॅक या अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बाईंनी 1981 साली कामानं करपलेली माणसं मोजण्याची एक पट्टी तयार केली. ती जगभर वापरली जाते. तिच्यात तीन गोष्टी बघतात. एक, मनाचा थकवा. दुसरी, समोरच्याला माणूस म्हणून बघणं बंद होणं. तिसरी, 'आपल्या हातून काही होत नाही' ही भावना. दवाखान्यात पेशंटचं नाव जाऊन 'चार नंबरच्या बेडवालं' येतं आणि कचेरीत मेलेल्या माणसाचं 'प्रकरण' होतं, तेव्हा दुसरी गोष्ट घडलेली असते. आपण या माणसांना त्या दुसऱ्या गोष्टीबद्दल झापतो. पहिलीबद्दल कुणी विचारत नाही.

आता याच जिल्ह्यातली तीस-बत्तीस वर्षांपूर्वीची पहाट. 30 सप्टेंबर 1993, तीन वाजून छप्पन्न मिनिटं. गणपती विसर्जन करून लोक झोपले होते. लातूर जिल्ह्यातल्या किल्लारीचं नाव जगात गेलं, पण सास्तूर आणि उमरगा-लोहाऱ्याकडची गावं आपल्या जिल्ह्यातली. दोन्ही जिल्ह्यांत मिळून जवळपास आठ हजार माणसं दगडमातीच्या भिंतींखाली गेली. त्यातून वाचलेली माणसं सांगतात की त्या दिवशी रडूच आलं नाही. हात ढिगारा उपसत होते, शेजाऱ्याची पोरं बाहेर काढत होते, सरण रचत होते. डोळे कोरडे. कुणाला पंधरा दिवसांनी रडू आलं, कुणाला पोरीच्या लग्नात आलं.

ही माणसं दगडाच्या काळजाची होती असं म्हणायची कुणाची छाती आहे?

रॉबर्ट जे लिफ्टन नावाच्या मनोविकारतज्ज्ञानं हिरोशिमाच्या वाचलेल्यांशी बोलून 1968 साली पुस्तक लिहिलं. 6 ऑगस्ट 1945 ला आजूबाजूला काय घडतंय हे डोळ्यांना दिसत होतं, पण थोड्याच वेळात आत काही वाटेनासं झालं, असं त्यांना अनेकांनी सांगितलं. मनानं दार लावून घेतलं. लावलं म्हणून ती माणसं वेडी झाली नाहीत आणि चालती राहिली. दुःखाचा लोंढा पेलेनासा झाला की मन आपण होऊन बधिर होतं. ती त्याची जगण्याची रीत आहे, आणि बहुतेकांच्या बाबतीत बधिरता उतरते. हे 'उतरते' लक्षात ठेवा. ज्याला वाटतं की आपण कायमचे निबर झालो, तो प्रयत्नच सोडतो. नुकसान तिथं होतं.

आकड्याचंही बोललं पाहिजे, कारण मी वर आकडेच दिले आहेत. 2007 साली अमेरिकेत एक प्रयोग प्रसिद्ध झाला. डेबोरा स्मॉल, जॉर्ज लोवेनस्टीन आणि पॉल स्लोव्हिक यांचा. काही लोकांना मालीतल्या सात वर्षांच्या एका उपाशी मुलीबद्दल सांगून मदत मागितली, काहींना आफ्रिकेतल्या लाखो उपाशी माणसांचे आकडे देऊन. एका मुलीला मिळालेली मदत आकड्यांना मिळालेल्या मदतीच्या दुपटीहून जास्त होती. 171 वाचून तुम्हाला जे वाटलं नाही ते लग्नाच्या पत्रिकेपाशी थोडं वाटलं असेल. त्याचं कारण हे. संख्येपुढं मन उभंच राहत नाही. म्हणून वर्तमानपत्रातला 'आणखी एक' हा मथळा मला चालत नाही. तो माणूस आणखी एक नव्हता. त्याच्या घरात तो एकच होता.

आपल्या तेरचे गोरोबाकाका सगळ्यांना माहीत आहेत. तेरणेच्या काठी त्यांची समाधी आहे. कथा अशी सांगतात की बायको पाण्याला गेली होती, रांगतं मूल चिखलात आलं, आणि विठ्ठलनामात दंग झालेल्या गोरोबांच्या पायाखाली तुडवलं गेलं. त्यांना कळलंच नाही. कीर्तनात ही कथा भक्तीची म्हणून येते, आणि ती भक्तीची आहेच. पण त्या कथेत बायको परत येते आणि हंबरडा फोडते, तिच्याकडे मला बघावंसं वाटतं. पायाखाली काय आलं हे न कळणारा माणूस वाईट नव्हता. सातशे वर्षं लोक त्याला संत म्हणत आले आहेत. लक्ष दुसरीकडे लागलं होतं, एवढंच घडलं. आणि तेवढ्यानं घडायचं ते घडलं.

याच गोष्टीचा कोरडा पुरावा प्रिन्स्टनमध्ये मिळतो. जॉन डार्ले आणि डॅनियल बॅट्सन यांनी 1973 साली धर्मोपदेशक व्हायला निघालेल्या 40 विद्यार्थ्यांवर प्रयोग केला. प्रत्येकाला एका इमारतीतून दुसऱ्या इमारतीत भाषणाला पाठवलं. वाटेत एक माणूस दारापाशी वाकून खोकत बसवला होता. काहींना सांगितलं होतं, वेळ आहे, सावकाश जा. त्यांच्यातले 63 टक्के थांबले. काहींना सांगितलं होतं, उशीर झाला, पळा. त्यांच्यातले फक्त 10 टक्के थांबले. त्यातल्या काहींच्या भाषणाचा विषयच होता रस्त्यात पडलेल्या वाटसरूला मदत करणाऱ्या माणसाची बायबलमधली गोष्ट. विषयामुळं फारसा फरक पडला नाही. फरक पडला तो घाईमुळं.

म्हणजे करुणेवरचं भाषण तोंडपाठ असलेला माणूसही घाईत असला की पडलेल्याला ओलांडून जातो. सरकारी दवाखान्यात एका सिस्टरवर दोन वॉर्ड टाकायचे आणि भिंतीवर 'रुग्णसेवा हीच ईश्वरसेवा' रंगवायचं, याला काय म्हणायचं? तो रंगाचा खर्च वाचवा आणि आणखी एक सिस्टर द्या.

गेल्या पावसाळ्याचं लिहिलं नाही तर हे सदर अपुरं राहील. सप्टेंबर 2025 मध्ये परंडा, भूम भागात असा पाऊस झाला की छपरांवर, झाडांवर अडकलेल्या माणसांना हेलिकॉप्टरनं उचलावं लागलं. जनावरं दावणीला बांधलेली बुडाली. त्याच दिवसांत तुळजापूरच्या नवरात्र महोत्सवातली एक चित्रफीत राज्यभर फिरली. जिल्हाधिकारी कार्यक्रमात नाचताना दिसत होते. लोक भडकले. राग रास्त होता. जिल्हा पाण्यात असताना त्या खुर्चीनं नाचायचं नसतं, हे कळायला शासन निर्णय लागत नाही.

पण त्या रागात आपली फार मोठी सोय झाली. अख्ख्या समाजाचं बधिरपण एका माणसाच्या नावावर चढवून आपण मोकळे झालो. त्या आठवड्यात महाराष्ट्रभर गरबा चालूच होता. सुरुवातीच्या दिवसांत मदतीचे टेम्पो आले, चादरी आल्या, फरसाणाची पाकिटं आली. ज्यांनी आणलं त्यांना माझा नमस्कार आहे. दिवाळी आली आणि टेम्पो थांबले. खरडून गेलेली जमीन मात्र दिवाळी बघत नाही. वरचा काळा थर वाहून गेला की मुरूम उघडा पडतो, आणि त्यावर पुन्हा गाळ टाकून रान तयार करायला एक हंगाम पुरत नाही. शेतकऱ्याचं नुकसान वर्षानुवर्षं चालतं आणि आपली हळहळ पंधरा दिवस. हे गणित जुळत नाही, आणि नुसत्या हळहळीच्या भरवशावर ते कधी जुळणारही नाही.

घरातलं बधिरपण सगळ्यात अवघड, कारण ते कुणाला सांगता येत नाही. सासऱ्याला अर्धांगवायू झालेला. सून पहाटे उठून त्यांचं सगळं करते, अंग पुसते, कूस बदलते, पाठीला पावडर लावते, पेज भरवते. निम्मी पेज गळ्यावर येते. मग ती शेतात खुरपायला जाते, दुपारी पळत घरी येते, पुन्हा तेच. सुरुवातीला म्हाताऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं की तिच्याही यायचं. वर्षानं तिच्या मनात एक दिवस येतं, सुटले तर बरं. त्यांनी कण्हायला सुरुवात केली की तिला कीव येण्याऐवजी चीड येते. रात्री ती स्वतःला पापी ठरवते आणि सकाळी पुन्हा पेज शिजवते.

ताई, तुम्ही पापी नाही. तुम्हाला वर्षभर सलग झोप मिळालेली नाही. तुमचा नवरा, तुमचा दीर आणि मुंबईला असलेली तुमची नणंद यांनी महिन्यातले आठ दिवस वाटून घेतले, तर तुमचा कळवळा परत येईल. तो कुठं गेलेला नाही. पाप असेल तर ते त्यांच्या माथी लावा, जे फोनवर 'बाबांची काळजी घे हं वहिनी' म्हणतात आणि दसऱ्याला पेढे घेऊन येतात.

आता काय करायचं ते. मी डॉक्टर नाही, पण जाणत्यांचं वाचलं आहे, आणि त्यातली एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. नेदरलँड्समधल्या मास्ट्रिख्टच्या प्रयोगशाळेत तानिया सिंगर या मेंदूशास्त्रज्ञ बाईंनी मॅथ्यू रिकार या बौद्ध भिक्षूच्या मेंदूचे आलेख घेतले. त्यांना सांगितलं की दुःखी माणसांचं दुःख तसंच्या तसं स्वतःत उतरवा. रिकार थोड्याच वेळात गळून गेले. ध्यानाला आयुष्य दिलेला माणूस, तोही गळाला. मग त्यांनी पद्धत बदलली. त्या माणसांचं दुःख अंगावर न घेता त्यांचं भलं व्हावं ही इच्छा धरली. आता मेंदूतला निराळा भाग जागा झाला, आणि थकवा ओसरला. पुढं साध्या माणसांना दोन्ही गोष्टी शिकवून पाहिल्या. दुःख अंगावर घ्यायला शिकलेले खचत गेले, भलं चिंतायला शिकलेले सावरले.

याचा आपल्या कामाचा अर्थ मी असा लावतो. दुसऱ्याचं दुःख पाहून तुम्हाला रडू आलंच पाहिजे अशी कुठं अट नाही. त्या बाईला तुमच्या रडण्याचा काही उपयोगही नाही. तिला वारसनोंद करून हवी आहे, पोराची फी माफ करून हवी आहे, पेरणीला कुणाचा तरी ट्रॅक्टर हवा आहे. आज तुम्हाला काही वाटत नसलं तरी तिचा अर्ज तुम्ही लिहून देऊ शकता. वाटण्याची वाट बघत बसू नका. हात आधी चालू द्या. मन बऱ्याचदा हातामागून येतं, आणि नाही आलं तरी अर्ज लिहून झालेला असतो.

दुसरं, सगळ्या जिल्ह्याचं दुःख एकट्यानं वाहू नका. एक घर धरा. वर्षभर एकच. दहाव्याला, तेराव्याला सगळेच जातात. तुम्ही चौथ्या महिन्यात जा, जेव्हा त्या घरात सोयरेधायरे उरलेले नसतात आणि बँकेची नोटीस आलेली असते. ग्रुपवरच्या फोटोखाली श्रद्धांजली टाकायची की नाही हा ज्याचा त्याचा प्रश्न, पण ज्या घरी जाणार नाही त्या घरासाठी स्वतःला रोज टोचत राहू नका. टोचणी लावून घेऊन कुणाचंच भलं झालेलं नाही.

तिसरं फार साधं आहे आणि लोक हसतात. झोपा. सकाळी डोळा उघडला की फोन हातात घेऊ नका. जेवताना टीव्हीवरची भांडणं बंद ठेवा. आठवड्यातून एकदा अशा माणसासोबत बसा ज्याच्याकडे तुमच्यासाठी कुठलंही काम नाही. तुळजापूरला जाऊन आईपुढं दहा मिनिटं उभं राहिल्यानं ज्याला हलकं वाटतं त्यानं तिथं जावं, ज्याला भजनानं वाटतं त्यानं भजनाला बसावं. आपण थकलोय हे एका माणसापाशी मोठ्यानं बोलून दाखवा. लाज मनात दाबून ठेवली की ती चिडचिड होऊन बाहेर येते, आणि ती बहुतेक वेळा सगळ्यात गरिबावर निघते.

हे झालं माणसाचं. सरकारचं सोडून चालणार नाही. 2015 साली राज्यानं विदर्भ-मराठवाड्यातल्या 14 जिल्ह्यांत 'प्रेरणा' प्रकल्प सुरू केला. आपला जिल्हा त्यात आहे. त्याच वर्षी यवतमाळ आणि आपल्या जिल्ह्यात 'बळीराजा चेतना अभियान' आलं. 'प्रेरणा'त आशाताईनं घरोघर जायचं, शेतकऱ्याला झोप लागते का, भूक लागते का, जगावंसं वाटतं का हे विचारायचं, आणि खचलेला माणूस हेरून त्याला डॉक्टरपर्यंत न्यायचं. कल्पना उत्तम आहे. मी तिच्या बाजूचा आहे.

पण आशाताई कोण? साधारण हजार माणसांमागे एक. बाळंतपणं तिच्याकडे, लसीकरण तिच्याकडे, टीबीच्या गोळ्या तिच्याकडे, सर्वेक्षणं तिच्याकडे. कोरोनात दारोदार तीच फिरली. तिला पगार नाही, मानधन आहे, आणि त्यासाठी तिला ऑक्टोबर 2023 मध्ये संपावर बसावं लागलं. तिनं गावातल्या प्रत्येक खचलेल्या माणसाचं ऐकायचं. तिचं कोण ऐकतं? तिच्या मासिक सभेत किती अर्ज भरले हे विचारतात. 'गेल्या महिन्यात तुझ्या गावात दोन माणसं गेली, त्यातल्या एकाशी तू आठवड्यापूर्वी बोलली होतीस, तू कशी आहेस?' हा प्रश्न त्या सभेच्या कागदावर छापा. तलाठ्यांच्या बैठकीच्या कागदावरही छापा. पंचनाम्याचं काम एकाच माणसावर सलग टाकू नका, पाळ्या लावा. पोलिसांना पाळ्या असतात, कारखान्याला पाळ्या असतात. दुःखाच्या घरी जाणाऱ्यालाच काय म्हणून नसाव्यात?

यासाठी परदेशातून तज्ज्ञ आणायची गरज नाही. भूकंपाच्या सुमारास तुळजापूर तालुक्यातल्या अणदूरला डॉ. शशिकांत अहंकारी आणि डॉ. क्रांती रायमाने यांनी हॅलो मेडिकल फाउंडेशन उभं केलं आणि गावोगावच्या, फारशा न शिकलेल्या बायकांना तयार करून 'भारतवैद्य' म्हणून उभं केलं. तीन दशकांचा हा अनुभव आपल्याच जिल्ह्यात आहे. दुःखाच्या घरी जाणारी बाई कशी तयार करायची, हे ज्यांनी आयुष्यभर केलं त्यांना बोलावून विचारा.

एक सावधगिरी. काही वाटेनासं होणं आठवड्यादोन आठवड्यांत विश्रांतीनं उतरलं तर तो थकवा. पण झोपूनही उतरेना, स्वतःचं पोर हसलं तरी आनंद होईना, अन्नाची चव गेली, जगणंच निरर्थक वाटू लागलं, तर तो आजार असू शकतो आणि त्याला औषध आहे. जिल्हा रुग्णालयात मनोविकाराचा विभाग आहे. टेलिमानसचा 14416 हा सरकारी क्रमांक चोवीस तास चालतो, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. तलाठ्यानं, सिस्टरनं, आशाताईनं, सुनेनं हा क्रमांक दुसऱ्याला द्यायचा म्हणून पाठ केलेला असतो. तो त्यांच्यासाठीही आहे.

वाचकहो, तुमच्या गावच्या आशाताईला या आठवड्यात घरी बोलवा. काम सांगू नका, कुठला अर्ज पुढं करू नका. चहा द्या, आणि तिला विचारा की तिचं स्वतःचं कसं चाललंय.